प्राचीच्या नावावरचं पान

आयटीची पदवी घेऊन आठ महिने झाले, तरी प्राची भिंगारकरला नोकरी लागली नव्हती. पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या घराच्या वरच्या खोलीत ती सकाळी नऊला लॅपटॉप उघडायची आणि घरबसल्या कामं मिळवून देणाऱ्या साइटींवर एकामागून एक अर्ज टाकत बसायची. लॉजची वेबसाइट, क्लासची वेबसाइट, कुठल्याशा परदेशी बाईचं कुत्र्यांच्या स्वेटरांचं दुकान. बहुतेकांकडून उत्तर यायचं नाही. आलंच तर एकच प्रश्न असायचा, आधी केलेलं काम दाखवा. दाखवायला तिच्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टमधलं एक लुटुपुटीचं ग्रंथालय होतं, बाकी काही नाही.

वडील कमळाकर यांचे दोन ट्रक कळंबोलीच्या लोखंड बाजारात चालत. नाक्यावर किंवा घरी आलेल्या कुणी पोरीची चौकशी केली की ते म्हणत, "कंप्युटरचं काम करते घरून. आता तसंच असतंय." जिन्यावरून ते ऐकू आलं की प्राची तिथूनच वर परतायची. बाप आपल्यासाठी खोटं बोलतोय आणि ते खरं करून दाखवणं आपल्याला जमत नाही, याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटे.

फेब्रुवारीत सत्यजीत नावाच्या माणसाचा मेसेज आला. मराठी चांगलं लिहायचा, अहोजाहो करायचा. त्याची कंपनी म्हणे गावोगावी बिल भरणा केंद्रं चालवत होती आणि त्यांना वीजबिल भरण्यासाठी एक पान हवं होतं. नाव, गाव, मोबाइल, ग्राहक क्रमांक आणि पैसे भरायची सोय. करारासाठी त्याने आधार कार्डाचा फोटो मागितला, तिने पाठवला. मग म्हणाला, आमचं ऑफिसचं खातं अजून तयार व्हायचंय, तोवर साइटचं नाव तुमच्याच नावावर घ्या, पुढच्या महिन्यात बदलून घेऊ. तेही तिने केलं. पहिल्यांदाच कुणीतरी तिला 'मॅडम' म्हणत होतं.

अर्धे पैसे खरंच आले. आई शकूने त्या दिवशी शेजारी पेढे वाटले.

पंधरा दिवसांनी, मार्चमधल्या एका दुपारी, सत्यजीतचा फोन आला. ओटीपी टाकायची चौकट उघडायला वेळ लागतोय, तेवढं बघा. पण तिने बनवलेल्या पानावर ओटीपीची चौकट नव्हतीच. आपण न केलेलं काहीतरी आपल्या पानात कुणी जोडलंय, हे प्राचीला खटकलं. लोकांनी भरलेली माहिती जिथे साठते ते कोष्टक तिने उघडलं. त्यात सतरा ओळी होत्या. सतरा माणसांची नावं, गावं, मोबाइल नंबर, आणि त्यापुढे कार्डाचे सोळा आकडे, कार्डामागचे तीन आकडे आणि ओटीपी, सगळं उघडंवाघडं.

वीजबिल भरताना कार्डाचे आकडे कुणी असे साठवून ठेवत नाही. हे कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं होतं, तिने परीक्षेत लिहिलंही होतं. 'तुमची वीज आज खंडित होणार आहे' अशा मेसेजमधून लोक ज्या पानावर जातात आणि लुटले जातात, ते पान आपण बनवलंय, आणि ते आपल्याच नावावर आहे.

तिने पहिल्यांदा पान बंद केलं. मग कोष्टकही पुसून टाकावं असं मनात आलं. पुसलं की काही झालंच नाही. बोट बटणावर नेऊन ती बराच वेळ तशीच बसून राहिली. पण त्या सतरांतल्या शेवटच्या चार ओळी त्याच दिवशीच्या होत्या. कदाचित त्यांचे पैसे अजून खात्यात असतील. पुसलं तर त्यांना सांगणार कोण?

पाचच मिनिटांत सत्यजीतचा फोन. आवाज तोच, पण अहोजाहो गळून पडलं होतं.

"पान बंद का केलंस?"

"तुम्ही लोकांचे कार्ड नंबर घेताय."

"मी कुठे घेतोय? साइट कुणाच्या नावावर आहे? आधार कुणाचं आहे?" तो शांतपणे म्हणाला. "पोलीस आले तर तुझ्या दारात येतील. निळं फाटक आहे ना तुमचं? मुकाट्याने चालू कर."

फाटकाचा रंग तिने त्याला कधीच सांगितला नव्हता. प्राची खिडकीशी गेली, पडदा ओढला, दाराला कडी घातली. रस्त्यात कुणाची तरी मोटरसायकल थांबली तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. गाडी निघून गेली, पण वडिलांना अटक झालीय, ट्रक जप्त झालेत, नाक्यावरची माणसं आपल्या घराकडे बोट दाखवताहेत, असं सगळं डोळ्यांपुढे एकाच वेळी यायला लागलं.

अडीच वाजता तिने स्वतःच्या मोबाइलवरून पहिला नंबर लावला. कळंबोलीतला कुणी धर्मराज नावाचा माणूस होता.

"काका, तुम्ही आज ज्या पानावर बिल भरलंत ते खोटं आहे. बँकेला फोन करून कार्ड बंद करा, आत्ताच."

"तुला कसं माहीत मी बिल भरलं ते? आता तू ओटीपी मागशील, नाय का? तुमच्यासारख्यांना जोड्याने मारलं पाहिजे." त्याने फोन आपटला.

दुसऱ्याने उचललाच नाही. तिसऱ्याने शिव्या दिल्या. चौथा नंबर उरणकडच्या वेणू नावाच्या बाईचा होता. आवाजावरून बाई म्हातारी वाटत होती.

"कार्ड बंद कराया सांगतेस? पन पैसे तर सकालीच गेले, बाय. पोराच्या फोनवर मेसेज आला ना बँकेचा. सुनेच्या बालंतपनाला ठेवले होते." मग तिने विचारलं, "तू कोन पन? बँकेची हायेस?"

प्राचीला हो म्हणता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "ते पान मीच बनवलंय. मला माहीत नव्हतं ते कशासाठी आहे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"तूच बनवलंस नि तूच सांगतेस?"

"हो."

"मंग पोलिसाला सांग. माझ्याकडं कशापायी रडतेस?"

आपण रडतोय हे प्राचीला तेव्हा कळलं.

उरलेले तेरा फोनही तिने केले. सहा जणांनी ऐकून घेतलं, त्यांतल्या दोघांचे पैसे अजून खात्यात होते. मधेच सत्यजीतचे मेसेज येत होते. एकात तिच्या आधार कार्डाचा फोटो होता, खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

साडेपाचला ती खाली आली. शकू ओट्यावर पालेभाजी निवडत होती. प्राचीने तिथेच उभ्याने सगळं सांगितलं. शकूला साइट, कोष्टक यातलं काही कळलं नाही, पण लोकांचे पैसे गेले आणि त्यात पोरीचं नाव आहे, एवढं नेमकं कळलं. तिने भाजी बाजूला सारली.

"बाबांना कसं सांगू?" प्राचीने विचारलं.

"त्यांना मी सांगीन. आदी पोलिसात चल."

"आई, त्यांनी मलाच आत टाकलं तर?"

"टाकलं तर मीपन तितंच बसीन," शकू म्हणाली आणि लुगडं बदलायला आत गेली. बदलताना तिच्या निऱ्या दोनदा सुटल्या. प्राचीने ते पाहिलं आणि ती जास्तच घाबरली.

सायबर पोलिसांच्या कचेरीत त्यांना दीड तास बाकावर बसावं लागलं. मग एका अधिकारी बाईंनी त्यांना आत बोलावलं. त्यांनी प्राचीला सुरुवातीपासून सांगायला लावलं, मग शेवटाकडून, मग पुन्हा मधूनच कुठून तरी. दर वेळी आपण खोटं बोलतोय असं आपल्यालाच का वाटतंय, हे प्राचीला समजेना. कोष्टक पुसलेलं नाही हे ऐकल्यावर मात्र बाईंनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं.

"ते पुसलं असतंस तर तुझं काही खरं नव्हतं," त्या म्हणाल्या.

फाटकाचं विचारल्यावर त्यांनी नकाशाच्या ॲपवर तिच्या आधारवरचा पत्ता टाकून दाखवला. रस्त्याच्या फोटोत भिंगारकरांचं घर होतं, निळ्या फाटकासकट. तो माणूस विचुंब्यात कधी आलाच नसावा. प्राचीने मान डोलावली, पण भीती काही उतरली नाही.

तिला अटक झाली नाही, पण सुटकाही झाली असं कुणी म्हणालं नाही. लॅपटॉप जमा झाला. जबाबासाठी चार वेळा जावं लागलं, नंतरच्या तिन्ही वेळा कमळाकर बरोबर आले. बाहेर बाकावर ते बसून राहत. एकदाच म्हणाले, "मी नाक्यावर सांगितलंय काय झालं ते. दुसऱ्याकडून कळन्यापेक्षा बरं." ते सांगणं त्यांना किती जड गेलं असेल, हे प्राचीने विचारलं नाही. सत्यजीत सापडला नाही. त्याचा नंबर दुसऱ्याच राज्यातल्या एका मजुराच्या नावावर निघाला, आणि त्या मजुराला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. वेणूबाईंचे पैसे परत आले की नाही, हेही प्राचीला कुणी सांगितलं नाही. अनोळखी नंबर दिसला की ती फोन उलटा ठेवायची.

जूनअखेर लॅपटॉप परत मिळाला. दोन दिवस तिने तो उघडला नाही. तिसऱ्या दिवशी शकू वर येऊन तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "कर चालू. मी हाय."

कामाबद्दल आलेल्या मेसेजांत एक पनवेलच्याच हेतल शाह यांचा होता, लग्नाच्या रुखवताच्या वस्तू बनवून विकणाऱ्या. प्राचीने त्यांना लिहिलं की मी आधी दुकानात येऊन भेटेन, मगच काम घेईन, आणि साइट पहिल्या दिवसापासून तुमच्याच नावावर राहील. बाईंना नवल वाटलं, पण त्या 'या' म्हणाल्या. बाजारपेठेतल्या त्या अरुंद दुकानात प्राची तासभर बसली, परवान्याची पाटी वाचली, शेजारच्या भांडीवाल्याला मुद्दाम विचारून आली की ही बाई किती वर्षं इथे आहे. तेरा वर्षं, तो म्हणाला.

साइट ऑगस्टमध्ये सुरू झाली. हेतलबेनना ती फार आवडली.

"खाली तुमचं नाव टाका ना," त्या म्हणाल्या. "सगळे टाकतात. अजून कामं येतील."

प्राचीने पडद्यावरच्या त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "सध्या नको."