अमळनेरला दोन मिनिटं

सुरतहून कोलकात्याला जायचं होतं. नोकरीचा पहिला दिवस. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचं, आणि उशिरा येणाऱ्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं. गाडीने दीड दिवस, विमानाने काही तास. यात ठरवायचं काय, असं कुणालाही वाटेल. पण बमरोलीच्या आमच्या खोलीत यावरून तोंडं फुगली होती.

आईला गाडीच हवी होती, कारण ती गाडी अमळनेरला दोन मिनिटं थांबते. तिथे आईची थोरली बहीण राहते. मी तिला मोठी माय म्हणते. वडील लूमवर बारा-बारा तास उभे, आई घरी बसून साड्यांचे धागे कापायची, म्हणून दोन वर्षांची असताना मला मोठ्या मायकडे ठेवलं, ते सातवी होईपर्यंत. मला लिहायला, पोहायला आणि भांडायला तिनेच शिकवलं. आणि चार वर्षं मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आधी परीक्षा, मग मुलाखती, मग नुसतंच 'पुढच्या रविवारी'. आता तिचे गुडघे गेले होते, सुरतेपर्यंत येणं तिला झेपत नव्हतं. दोन मिनिटं तर दोन मिनिटं, पोरीला डोळे भरून बघेन, असं ती आईला म्हणाली. आईने डबा, सीट, सगळं तिला कळवून टाकलं.

निघायच्या पाच दिवस आधी मी घोळ घातला. गल्लीतला एकजण त्याच गाडीने गेला आणि ती नऊ तास उशिरा पोचली, हे मी जेवताना मुद्दाम काढलं. वडील जेवता जेवता थांबले. "तू इमानमाच जाय," ते म्हणाले. उशिराची भीती खोटी नव्हती. पण खरं सांगायचं तर मला विमानात बसायचं होतं, आणि वडिलांना कसं घाबरवायचं ते मला नीट ठाऊक होतं.

आईने वाद घातला नाही. ताटं उचलताना एवढंच म्हणाली, "मंग तिले तूच सांग. मी सांगाव नही."

मंगळवारी मोठ्या मायला फोन केला. मी तोंड उघडायच्या आत तिनेच सुरू केलं, "आज मी पूल चढी देखा!" गाडी पलीकडच्या फलाटावर लागते. किती वेळ लागतो ते बघायला ती एकेका पायरीवर बसत सगळा पूल चढून-उतरून आली होती. मी म्हणाले, गुडघे सांभाळ, आणि फोन ठेवला. बुधवारी पुन्हा केला, तर दशम्या गोड करू की तिखटाच्या, हा तिचा प्रश्न. मी म्हणाले, गोड. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, पण म्हणाले गोडच.

त्या संध्याकाळी आईने विचारलं, "मोठी मायले सांगं का तू?"

"सांगं," मी म्हणाले. सांगितलं, असं तोंडातून निघून गेलं, आणि मग मागे घ्यायची हिंमत झाली नाही.

शनिवार उजाडला. गाडी सुरतेलगतच्या उधन्याहून बाराला सुटणार, विमान साडेपाचला. मोठी माय घरून निघायच्या आत सांगू, असं ठरवलं होतं. एक वाजता फोन लावला, तर आई शेजारी येऊन उभी राहिली, मी कट केला. दोनला लावला, उचलला नाही. अडीचला नाही. तीनला रिक्षातून लावला, आई सामान घेऊन मागच्या रिक्षात होती; वाजत राहिला. मोबाइलवर गाडी कुठे पोचली ते बघत होते. नंदुरबार गेलं, दोंडाईचा गेलं. एरवी कधी वेळेवर नसणारी ती गाडी त्या दिवशी मिनिटभरही मागे नव्हती. विमानतळाच्या काचेच्या दारापाशी आईने माझा चेहरा कुरवाळला आणि पुन्हा विचारलं, "सांगं ना तिले?" मी मान हलवली.

तपासणीच्या रांगेत शिपाई म्हणाला, "फोन ट्रे में रखो, बेन." ठेवला, आणि तो वाजायला लागला. पडद्यावर मोठी माय. ट्रे वाजतवाजत यंत्रात शिरला. मी पलीकडे धावले, तिथे माझी झडती. फोन हातात आला तेव्हा तो दुसऱ्यांदा वाजत होता.

"एस-पाच ना? गाडी दखाई ऱ्हायनी. तू दारमा उभी ऱ्हाय, खिडकीतून मना हात पुरत नही."

"मोठी माय, मी गाडीमा नही शे."

"काय? ऐकू येत नही!"

"मी गाडीमा नही शे! इमानतळवर शे मी!" मी इतक्या जोरात ओरडले की माणसं वळून बघायला लागली.

ब्रेक करकरले. चहावाले ओरडत फलाटावरून गेले, कुणीतरी कुणाला तरी बॅग आत दे म्हणून सांगत होतं. तिने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मग भोंगा वाजला आणि गाडीचा आवाज लांब गेला.

"तुनी मायले माहीत शे?" तिने विचारलं.

"तिले वाटस, मी तुले सांगं."

"कव्हय?"

"बुधवारी."

पूल पुन्हा चढायचा होता तिला. "बरं," ती म्हणाली, "बुधवारी सांगं तू माले. ध्यानमा ठेवजो."

रविवारी सकाळी कोलकात्यात आईचा फोन आला. आवाज मोकळा होता. मोठ्या मायशी बोलली होती ती. मोठी माय म्हणे स्टेशनकडे फिरकलीच नाही, दुपारभर मस्त झोपली, पोरीने बुधवारीच सांगितलं होतं ना.

"माले वाटे ती रुसाई जाई," आई म्हणाली. "तू स्वता सांगं, हाई चांगलं करं."

मी हो म्हणाले.