कोल्ह्याची शपथ

"जान्या, हात काढ. आधी हात काढ तिच्या तोंडातून."

गुरुजी हे इतक्या जोरात ओरडले की समोरच्या डोंगरावरची दोन माकडं झाडावरून खाली पडली. कुणी म्हणेल एकच पडलं. मी वाद घालणार नाही, पण मी तिथे होतो.

जान्याने हात काढला नाही. तो गावाचा गोवारी (गुराखी). त्याचा उजवा हात कोपरापर्यंत तांबड्या गाईच्या तोंडात होता आणि चेहरा असा शांत, की रांजणात पडलेला पेला चाचपतोय. गाय मान ताठ करून उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या, आणि मधूनच ती असं हंबरायची की ऐकणाऱ्याचाच घसा बसावा.

"घशात कायतरी आडाकलाय गुरुजी," जान्या म्हणाला. "कोय नाय तं हाडूक. आता काढतो."

"तिच्या घशात काही नाही. ती पिसाळलीय."

मग मात्र जान्याने हात काढला. सावकाश, गाईला लागू नये अशा बेताने. भातकापणीचे दिवस होते. बोटांवर आणि मनगटावर विळ्याच्या ताज्या चिरा होत्या, आणि त्या चिरांवरून लाळ ओघळत होती.

आता मी पोशेऱ्याच्या त्या गोठ्यात कसा पोचलो ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा पुण्याहून एवढ्या लांब गाय बघायला गेला.

पोशेऱ्याच्या शाळेत माझा बालमित्र गजानन नुकताच गुरुजी म्हणून लागला होता. "दिवाळीला ये, वाघबारस बघायला मिळेल," असं त्याचं आमंत्रण होतं. वाघ म्हटल्यावर मी निघालोच. ठाण्याहून जव्हारची मोटार धरली. ती मोटार चढावर आली की उतारू उतरून ढकलायचे आणि उतारावर आली की ड्रायव्हर हात सोडून देवाला जोडायचा. वाटेत एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं. गाडीवानाने तेवढ्यात विडीला काडी मागितली, ती आम्ही दिली, आणि तो पुढे निघून गेला.

जव्हार मात्र थंडगार. संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन फार वर्षं झाली नव्हती. राजवाडा होता तिथेच होता, पण गाव अजून नव्या अंगरख्यात अवघडल्यासारखं वागत होतं. चहावाल्याला विचारलं, "काय फरक पडला?"

"पहिलं राजेसाहेबांना मुजरा करायचो," तो म्हणाला, "आता मामलेदाराच्या शिपायाला करतो. तेवढाच वाकतो, पण मान जास्त दुखते."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरपामाळावर गेलो. सुरतेच्या वाटेवर महाराज इथे थांबले होते, असं सांगतात. माझी टोपी काही थांबली नाही. वाऱ्याने उचलली आणि ती थेट सुरतेच्या दिशेने गेली. आजही सुरतेत कुणाच्या डोक्यावर काळी, उजव्या बाजूला तेलाचा डाग असलेली टोपी दिसली तर ती माझी समजावी.

मोखाड्याच्या रस्त्यावर जुना जकात नाका लागला. संस्थानची हद्द इथे संपायची आणि इंग्रजांची सुरू व्हायची. तेव्हा गुळाची ढेपसुद्धा विचारल्याशिवाय पलीकडे जात नसे. आता आडवा बांबू मोडून पडला होता, आणि नाकेदाराच्या खोलीत एक शेळी अधिकाऱ्याच्या रुबाबात रवंथ करत बसली होती. मी तिला नमस्कार केला. माहीत नसलेल्या हद्दीत कुणालाही नमस्कार केलेला बरा.

मोखाड्याच्या बाजारात वाटाण्याची उसळ खाल्ली. तिखटाने माझ्या कानांतून जो धूर निघाला त्यावर शेजारच्याने विडी पेटवली. तिथून पुढे पायी पोशेरा. कापलेल्या भाताच्या पेंढ्या, डोंगराच्या उतारावर नागली (नाचणी), आणि मधे ओढे. गजानन शाळेच्या दारात उभा होता. पोटाने तो माझ्याहून पुढे गेला होता, म्हणजे गाव खाऊ घालणारं होतं.

संध्याकाळी वाघबारस. शिवेवर वाघ्या देवाचा दगड आहे, त्याला शेंदूर लावतात, नारळ फोडतात. गावच्या सगळ्या गाईंचं त्या दिवसाचं दूध एकाच हंड्यात ओतून तांदूळ-गुळाची खीर शिजते. मग खरी मजा. एक जण वाघ होतो, एक अस्वल, एक कोल्हा. आणि बाकीचे त्यांना काठ्या आपटत शिवेबाहेर पिटाळतात. कोल्हा होता जान्या. कमरेला गवताचं शेपूट, अंगाला राख. तो असा कोल्हेकुई करू लागला की पलीकडच्या रानातून दोन खऱ्या कोल्ह्यांनी त्याला उत्तर दिलं, आणि एकाने बहुधा तब्येतही विचारली.

शिवेवर त्याला धरून म्हाताऱ्यांनी विचारलं, "परत येशील का आमच्या शिवेत?"

"नाय येनार."

"गुरांना तोंड लावशील?"

"नाय लावनार. वाघ्याची आन."

शपथ झाल्यावर जान्या ओढ्यावर अंग धुऊन माणूस होऊन परत आला. वर्षभराची काळजी मिटली. मग खीर. मी पाच द्रोण खाल्ले. सहावा आग्रहाचा होता, तो मी मोजत नाही.

दुसऱ्या सकाळी तांबडी गाय अशी उभी.

गजाननने जान्याला ओढत ओढ्यावर नेलं, साबणाने हात धू धू धुवायला लावला, आणि तोवर मला सगळं सांगितलं. पावसाळ्यात भर दुपारी एक कोल्हा डोलत डोलत गावात शिरला होता. माणसांना भ्याला नाही, कुत्र्यांना भ्याला नाही, आणि तांबडीच्या नाकाडाला चावला. जान्यानेच त्याला काठीने मारला. गाईच्या जखमेला हळद-तेल लावलं, जखम भरली, गाव विसरलं. रोग मात्र विसरला नव्हता.

"कोल्ह्याकडून गाईला, गाईकडून माणसाला," गजानन म्हणाला. "माझ्या काकांचा गडी असाच गेला. गाईच्या घशात काटा अडकला म्हणून हात घातला. चावली नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. इंजेक्शनं आत्ता घेतली तर माणूस वाचतो. रोग एकदा अंगात दिसायला लागला की मग कुणीच वाचवू शकत नाही."

इकडे गावात वेगळीच आग लागली होती. तांबडीचं दूध खिरीत पडलं होतं आणि खीर सगळ्यांनी खाल्ली होती. भगताच्या (मांत्रिकाच्या) दारात ही रांग. एक आजी दर दोन मिनिटांनी लोटीतल्या पाण्यात डोकावून आपण भितो का ते बघत होती. मीही डोकावलो. मला पाण्यात माझा चेहरा दिसला आणि मी थोडा भ्यालो.

"गजा, माझे पाच द्रोण रे."

"उकळलेली खीर आहे. तुला काही होत नाही. फार तर पोट बिघडेल."

म्हणजे ज्यांना काही होणार नव्हतं ते सगळे घाबरले होते, आणि ज्याला होणार होतं तो ओट्यावर बसून तंबाखू चोळत होता.

"जव्हारला चल," गजानन त्याला म्हणाला.

"कशाला? मना चावली का ती?"

"लाळ गेलीय चिरांमध्ये."

"गुरुजी, काल मीच कोल्हा व्हतो. वाघ्यासमोर शपथ घेतली. कोल्ह्याचा रोग आता शिवेच्या आत कसा येल?"

"हा कोल्हा शपथेच्या आधीचा आहे रे. पावसाळ्यातला."

"मंग मांगच्या वरसाच्या शपथेतला. त्या वरसालाही मीच व्हतो." जान्याने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "मी सुई टोचाया गेलो तं गाव काय म्हनल? याची शपथच खोटी. आन् गुरां कोन राखील?"

गजाननने समजावलं, रागावला, शेवटी हात जोडले. जान्या जागचा हलला नाही. त्याची बायको चंदरी दाराआड उभी होती. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "माजा आयकत नाय तो. गुरुजींचाही नाय. पावन्याला काय जाला असता ना, तं पाठीवर घेऊन धावला असता."

मी लोटी खाली ठेवली. वाचकहो, अशी वाक्यं ऐकली की माझ्या डोक्यात वीज चमकते. मी तडक गजाननच्या खोलीवर गेलो आणि त्याच्या अंगाच्या साबणाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. चंदनाचा होता. चव अजून जिभेवर आहे.

मग मी जान्याच्या अंगणात आलो, चौघांच्या मधे हातापायांवर उतरलो, आणि भुंकलो. ते भुंकणं साधंसुधं नव्हतं. गावातली कुत्री शेपट्या घालून नागलीच्या शेतात पळाली. एक कोंबडी उभ्या उभ्या अंडं घालून मोकळी झाली. तोंडातून फेस, डोळे पांढरे; भगत स्वतःच भगताला बोलवा म्हणू लागला. गजाननने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने कपाळावर हात मारला. तो बहुतेक साबणासाठी असावा.

"खीर बाधली याला," तो म्हणाला. "जव्हारला न्यायला हवा, पण तांबडी आता मरेल, ती मला पुरायचीय. उघड्यावर टाकली तर कोल्हे-कुत्री खातील आणि रोग परत रानात जाईल."

जान्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. तंबाखू थुंकला. मग उठून गोठ्यातून दावं आणलं आणि माझ्या कमरेला पक्की गाठ मारली.

"पावना एकला कसा जाल," तो म्हणाला. "गुरुजी, गुरां तुमी राखा."

अशा रीतीने मी मोखाड्याच्या रस्त्याला लागलो. पुढे मी, मागे दोरी धरून जान्या. प्रत्येक ओढ्याशी तो थांबे, पळसाच्या पानात पाणी घेऊन माझ्यासमोर धरी आणि म्हणे, "घ्या पावनं, थंड हाय." पिसाळलेल्याने पाणी प्यायचं नसतं. मी मान फिरवून किंचाळायचो. मग तो ते पाणी सावकाश, आवाज करत स्वतः पिई. चंदरीने दिलेल्या भाकरीही त्यानेच खाल्ल्या, माझ्या वाट्याच्या धरून. "तुमाला आता गिळवनार नाय," म्हणाला.

मोखाड्याला कोळशाचा एक ट्रक जव्हारकडे निघाला होता. ड्रायव्हरने विचारलं, "दोरी कशाला?"

"पिसाळलाय."

"मग पुढे नको. वर टाक."

कोळशाच्या पोत्यांवर बसून मी जव्हारला पोचलो तेव्हा जकात नाक्यावरची ती शेळीसुद्धा मला ओळखेना.

दवाखान्यात मी डॉक्टरांच्या कानात सगळं सांगितलं. ते वयस्क होते आणि हसू दाबण्यात तरबेज. त्यांनी जान्याचा हात हातात घेतला, चिरा पाहिल्या आणि गंभीरपणे म्हणाले, "या पाहुण्याची लाळ तुझ्या हाताला लागली असणार. तुलाही सुया घ्याव्या लागतील."

"या पावन्याची?" जान्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग घ्यायाच पायजे. आधी त्याला टोचा."

सुई एवढी लांब की तिच्यावर धोतर वाळत घालावं. माझ्या पोटात काय टोचलं ते डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही. ताकदीचं औषध असावं, कारण मला लगेच गुण आला आणि मी तीन पेले पाणी प्यायलो. जान्याच्या पोटात मात्र रोज खरं औषध जात राहिलं. सुया संपेपर्यंत आम्ही जव्हारलाच राहिलो. रोज संध्याकाळी मी त्याला शिरपामाळावर नेई आणि तो मला खालची रानं दाखवी: इथे भेकर, तिथे तरस, त्या घळीत बिबट्या पाणी पितो आणि त्याच पाण्यावर आमची गुरं. रात्री अंथरुणावर पडला की हात डोळ्यांजवळ नेऊन तो चिरा बघायचा. मी झोपल्याचं सोंग घ्यायचो. सोंगात माझा हात कुणी धरणार नाही.

पुण्याला परत आलो. गाडी भरभर मागे पळणारी शेतं दाखवत होती आणि माझ्या डोक्यात तो मोडका बांबू. राजाची हद्द गेली, इंग्रजाची गेली, आणि आपण म्हणालो, आता सगळा मुलूख एक झाला. कोल्ह्याला आणि गाईला हे आधीपासूनच माहीत होतं. एक रान, एक ओढा, एक हंडा. त्यात माणसाने शीव घातली ती शेंदराची, आणि तिला जपायला एका माणसाने कोल्हा व्हायचं.

एवढं मोठं चिंतन मला शोभत नाही, हे माझ्या पोटानेच मला सांगितलं. ते त्या सुईच्या जागी अजून दुखत होतं.

पुढच्या वाघबारशीला मी पुन्हा पोशेऱ्याला गेलो. खरं सांगतो, मोखाड्यापासून पाय उचलत नव्हते. कारण हा रोग महिने महिने लपून बसतो, असं डॉक्टर म्हणाले होते. शिवेजवळ पोचलो तर रानातून कोल्हेकुई ऐकू आली, आणि मागून काठ्यांचा आवाज. गवताचं शेपूट सावरत जान्या माझ्या अंगावरूनच पळत गेला. मी तिथल्या तिथे मातीत बसलो.

खीर वाढताना तो शेजारी येऊन टेकला. राहवेना, म्हणून मी विचारलं, "काय जान्या, गेल्या वर्षी माझं पिसाळणं खरं वाटलं होतं ना?"

त्याने द्रोण चाटूनपुसून संपवला.

"कोल्हा असा भुकत नाय. पन मना भ्या वाटत व्हता," तो म्हणाला, "आन् कुनीतरी आदी भुकाया पायजे व्हता."