नाकाला पीठ की मीठ?

मैत्रिणींनो, महिला मंडळाच्या फळ्यावर आज पाककृतीऐवजी माझं नाक वाचा.

माझं नाक कायम तेलकट, त्यावर बारीक काळे ठिपके. गाल मात्र कोरडेठाक. परवा पनवेलच्या स्टुडिओत फोटो काढायचा होता, मुलाकडच्यांना पाठवायला. म्हणून न्हाणीतून आत्याला विचारलं, "नाकाला काय लावू गं?" ती अंगणातून ओरडली. मला ऐकू आलं, "मीठ!"

आमचं घर मिठागराचं. दात दुखला मीठ, घसा बसला मीठ, दृष्ट लागली तरी मीठच. शंका यायचं कारणच नव्हतं. मूठभर घेतलं आणि खसाखसा चोळलं.

नाक टोमॅटो झालं. ठिपके जागच्या जागी!

आत्या धावत आली. "अगो, पीठ बोलले मी, डाळीचं! मीठ नाय!" मग हसत हसत तिनेच नाकागालांवर गार साय लावली. पीठ आता नाक शांत झाल्यावर.

फोटोवाले म्हणाले, "फोटो काळा-पांढराच येणार, बाई. लाल कोणाला दिसतंय?" मी इतकी हसले की फोटो हसराच आला. आईला तोच आवडला.

तुमच्याकडे अशा नाकाला काय लावतात? खाली लिहून ठेवा. ओरडून सांगू नका.