जोसेफचे खालचे चार दात

सतराव्या वर्षी मी एका माणसाचं वय बैलासारखे दात मोजून ठरवलं, आणि नांदुऱ्याच्या शहाण्यासुरत्या पुरुषांनी ते मान्य करून त्याला नाही म्हणायचं ठरवलं. त्यात जास्त मूर्ख कोण हे तुम्ही ठरवा. मी माझ्या वाट्याची कबुली देऊन मोकळी होते.

हे लिहिते आहे ते साखरखेर्ड्याला राहिलेल्या माझ्या भाच्यांसाठी आणि पुण्या-नागपूरला गेलेल्या नातींसाठी. तुम्हाला वाटतं की घर सोडून लांब जाणं तुमच्या पिढीनंच केलं. अगं, मी साखरखेर्ड्याहून नांदुऱ्याला गेले तेव्हा दोन दिवस लागले होते. चिखलीपर्यंत बैलगाडी, तिथून खामगावपर्यंत मोटार, खामगावहून जलंबला छोटी गाडी आणि जलंबहून मोठ्या लायनीची गाडी. निघताना आईनं माझ्या ओटीत नारळ घातला आणि कानाशी येऊन म्हणाली, "तोंड जरा आवरून राह्य, बाई." बाबा गाडीच्या बैलांची खांदाडं चाचपत उभे होते. मला वाटलं, मुलगी चालली आणि यांना बैलांची पडली आहे. चिखलीपर्यंत मी त्यावरच रडले. आईसाठी रडायचं नंतर सुचलं.

बाबांची बैल पारखण्यात ख्याती होती. बाजारात कोणी जोडी घ्यायला निघाला की आधी बाबांना बोलावणं यायचं. मी थोरली, भाऊ फार लहान, म्हणून मला ते बरोबर न्यायचे. बैलाला पुढचे दात खालीच असतात, आठ. दोनदाती, चारदाती, सहादाती, आठही आले की जुळला. मग झिजायला लागतात, हलतात, पडतात. खालच्या ओठाला अंगठा लावून मी दहाव्या वर्षी वय सांगत असे आणि चार लोक वाहवा करत. सासरी जाताना पेटीत लुगडी होती चार आणि डोक्यात ही एवढी एकच विद्या.

नांदुऱ्याला पहिले सहा महिने माझ्या बोलण्याला सगळे हसत. मी "कशाला" म्हटलं की सासूबाई म्हणत "कायले". मी "मला" म्हणे, तिथं "मले". बोलीचा फरक मूठभरच, पण नव्या सुनेला मूठभरही पुरतो. शिवाय दिवसभर गाड्यांच्या शिट्ट्या, मालधक्क्यावर कापसाच्या गाठी, हवेत सरकीचा वास. आमचे हे प्रेसिंग फॅक्टरीत कारकून आणि गावच्या फुटबॉल क्लबाचे सेक्रेटरी होते. फुटबॉल हा शब्द मी लग्नानंतर ऐकला. बॉल चामड्याचा म्हणून सासूबाई त्याला घरात येऊ देत नसत. तो गोठ्यात खुंटीला टांगलेला असे आणि गाय त्याच्याकडे पाहत असे. माझा दीर दिगंबर, मी त्याला दिगूभाऊजी म्हणे, क्लबात सर्वात पुढं खेळायचा. घरात माझ्याशी सरळ बोलणारा तो एकटाच, तेव्हा त्याची बाजू ती माझी बाजू.

अशात जोसेफ आला. रंगूनवर बाँब पडल्याला वर्ष होत आलं होतं. तिकडून निघालेली माणसं कुठंकुठं पांगली, त्यांतला हा एक, स्टेशनवरच्या पार्सलबाबूच्या ओळखीनं नांदुऱ्याला उतरला. आई ब्रह्मदेशातली, बाप मद्रासकडचा, बोलणं हिंदुस्तानी. पार्सलबाबूनं सांगितलं की हा रंगूनला मोठ्या क्लबात गोल करणारा गडी होता. फॅक्टरीचा मॅनेजर फुटबॉलचा वेडा. त्यानं शब्द दिला होता की क्लब याला घेत असेल तर फिटरची जागा याची. म्हणजे क्लबनं हो म्हटलं तर नोकरी, नाही म्हटलं तर पुढची गाडी.

मीटिंग आमच्या ओसरीवर भरली. मी दाराआड. शाळेचे ड्रिलमास्तर, जे स्वतःही संघात खेळायचे, म्हणाले की परमुलखातला जुना माल आपण कायले घ्यायचा, आपल्या गावची पोरं काय कमी आहेत. पार्सलबाबू म्हणाले की पोरं धावतात खूप, गोल करत नाहीत. वय विचारलं तर जोसेफनं तेहतीस सांगितलं. कागद मागितला तर तो रंगूनला जळाला होता. मग सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत बसले. आणि मला एवढंच कळत होतं की हा आला तर दिगूभाऊजींची पुढची जागा जाते.

थंडीचे दिवस होते, घरात ऊस आलेला. मी ताटात कांड्या घालून बाहेर पाठवल्या. उगीच नाही, मुद्दाम. बाकीच्यांनी दातांनी साली ओढल्या. जोसेफनं खिशातून चाकू काढला, ऊस सोलला, बोराएवढे तुकडे केले आणि एकेक दाढेकडे सरकवला. कोणीतरी काही गंमत केली, तो हसला, आणि दाराच्या फटीतून मी पाहिलं. खालचे चार दात गायब. मधले, ओळीनं.

संध्याकाळी ह्यांना जेवायला वाढताना माझं तोंड आवरलं नाही. म्हटलं, तुमचा तो खेळाडू थकलेला आहे, खालचे चार पडलेत, आमच्या बाबांनी असा दावणीला बांधला नसता. हे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी क्लबात त्यांनी तो विनोद म्हणून सांगितला. ड्रिलमास्तरांनी मात्र तो पुरावा म्हणून घेतला. शेतकऱ्याघरची माणसं सगळी, दाताच्या हिशेबाला नाही कोण म्हणणार? ठरलं की सोमवारी जोसेफला नकार कळवायचा. मी दोन दिवस गर्वानं फुगून घरात वावरत होते. बाबांना पत्र लिहायचा विचारसुद्धा केला.

शनिवारी सकाळी जोसेफ आमच्या दारात आला. हातात क्लबाचा फुटबॉल. उसवलेली शिवण त्यानं पार्सलबाबूकडे बसून शिवून आणली होती. हे फॅक्टरीत गेलेले. सासूबाईंनी त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि नांदुऱ्याच्या एकाही पुरुषाला न सुचलेली गोष्ट केली. त्यांनी विचारलं.

"तुमचे दात काऊन पडले बाप्पा?"

तो हसत सांगत गेला. वीस-बावीस वर्षांचा असताना बॉल मारायला वाकला, समोरच्या गोलकीपरचा गुडघा तोंडावर बसला. शुद्धीवर आल्यावर आधी विचारलं की गोल झाला का. झाला होता. सासूबाईंनी मग बायकोमुलांचं विचारलं. बायको आणि मुलगी आधीच्या बोटीनं निघाल्या म्हणून वाचल्या. आता विशाखापट्टणला एका नातेवाइकाच्या पडवीत राहतात, ह्याला जागा मिळायची वाट पाहत. खरं वय किती म्हणून विचारलं तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि सांगितलं, एकेचाळीस.

मी दाराआड चाळणी हातात घेऊन उभी. माझा हिशेब चुकला होता आणि उत्तर बरोबर आलं होतं. असं गणित शाळेत केलं असतं तर मास्तरांनी छडी द्यावी की शाबासकी? पण मला ना आनंद झाला ना काही. डोळ्यांपुढे ती पडवी येत होती. दुसऱ्याच्या घरात पाय कुठं ठेवावा हे रोज विचारून ठेवणारी ती बाई. सहा महिने मी तेच करत होते, आणि माझ्या डोक्यावर तर हक्काचं छप्पर होतं.

तो गेल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दाताची भानगड माझीच हे त्यांना ठाऊक होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "वयाचं आपल्याले काही ऐकू आलं नाही." मी म्हटलं, "हाव." सासरी आल्यापासून माझ्या तोंडून "हो"ऐवजी निघालेला तो पहिला "हाव". त्या घरात मी नवरी म्हणून आले होते ती सहा महिन्यांपूर्वी, राहायला आले ती त्या सकाळी.

संध्याकाळी ह्यांना मी सांगितलं की बाबांची पारख मी अर्धीच सांगितली. दात पाहून ते कधीच थांबत नसत. नांगरलेल्या वावरात मानेवर जू ठेवून शंभर पावलं चालवत आणि मगच बोलत. तुम्ही जू न ठेवताच बैल परत करता आहात. हे म्हणाले की मास्तर ऐकणार नाहीत. मी म्हटलं की मास्तरांना म्हणा, साखरखेर्ड्याच्या पारखीला निम्म्यावर सोडलं तर ती लागू होत नाही. विद्या माझी, नियमही माझाच.

रविवारी मैदानावर दोन संघ पाडून खेळ झाला. बायकांनी जायची पद्धत नव्हती, म्हणून मी आणि सासूबाई मिरच्या वाळत घालायला घराच्या धाब्यावर चढलो. त्या मिरच्या सकाळीच घातलेल्या होत्या. मैदान घराला लागूनच, वरून दिसे आणि बोलणंही ऐकू येई. जोसेफ मधोमध उभा, जणू गाडी लेट आहे म्हणून प्लॅटफॉर्मवर थांबलेला. धावणं नाहीच. मग दिसायला लागलं की बॉल त्याच्याकडे येतो, तो पायाचा जरासा कोन करतो, आणि पुढच्या क्षणी बॉल दिगूभाऊजींच्या पुढ्यात असतो, वाटेत कोणी नाही अशा जागी. दिगूभाऊजींनी तीन गोल केले. एरवी वर्षभरात तेवढे होत नसत.

खाली मास्तर म्हणत होते की हा तर धावतच नाही. घाम पुसत दिगूभाऊजी म्हणाले, "धावाले आमी हाओत नं, मास्तर. याले उभं राहू द्या." ज्याची जागा जाईल म्हणून मी एवढा उपद्व्याप केला, त्यानंच तो मोडून काढला. जोसेफ संघात आला. अकरांतून एक कमी करावा लागला, तेव्हा वयाचा मुद्दा सर्वांत आधी काढणाऱ्या मास्तरांच्या हातात शिट्टी देण्यात आली. मला हसू आवरलं नाही, सासूबाईंनाही नाही.

त्या वर्षी आम्ही खामगावच्या सामन्यांत शेवटच्या दिवसापर्यंत गेलो आणि एका गोलनं हरलो. नांदुऱ्यात ते जिंकल्यासारखंच साजरं झालं. जोसेफला फिटरची जागा मिळाली, फॅक्टरीच्या चाळीत खोली मिळाली, उन्हाळ्याआधी बायको-मुलगी आली. दोन हंगाम तो खेळला. पुढं पोरांना शिकवत राहिला, आणि वऱ्हाडी माझ्यापेक्षा लवकर शिकला.

नाती मला विचारतात, आजी, तुझं गाव कोणतं. साखरखेर्ड्याला गेले की भावजय पाट टाकते, वरून शाल देते, काय हवं नको विचारते. बरं वाटतं, आणि कळतं की आपण इथं पाहुणे झालो. नांदुऱ्यात मला कोणी पाट टाकत नाही. बसलीच आहेस तर ही डाळ निवड म्हणतात. मी कुरकुर करत निवडते आणि मनात खूश असते.

माफी मागायला मला दोन वर्षं लागली. दिवाळीचं ताट घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेले, आणि दाराआडून नव्हे, समोर उभी राहून म्हटलं की जोसेफभाऊ, तुमचे दात मी मोजले होते, बैलाचे मोजतात तसे, माझं फार चुकलं. त्याला ते पहिल्याच आठवड्यात दिगूभाऊजींनी सांगितलेलं होतं. त्यानं ताट बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाला,

"चुकलं कुठं बाई? रंगून सोडल्यापासून मले कोनं नीट पाह्यलंच नव्हतं. तुम्ही दात तरी मोजले."