देयधर्मोयं

वडिलांच्या तेरवीच्या दिवशी मी 'करा' म्हणाले.

चुलत काका जेवणाच्या पंगतीतून उठून माझ्याजवळ आले होते. "बाई, तुह्या बापानं त्या बुढ्या देवाची लय सेवा केली. गुरुजीच्या नावानं तिथं काईतरी करून टाकू का?" गाव वडिलांना गुरुजीच म्हणायचं. मी रडत होते. काय करणार, हे विचारलं नाही.

मेडशीच्या पुढे, आमच्या तुरीच्या शेताला लागून एक उंचवटा आहे. त्यावर बौद्ध मंदिराचा उरलेला भाग. उंबऱ्यापाशी अर्धगोल पायरी, आत आठ कोनांचे चार खांब, प्रत्येकावर कोरलेलं कमळ. मागच्या भिंतीशी पाय खाली सोडून बसलेला बुद्ध. आसनाखाली चक्र आणि दोन हरणं. वाशीम हे वत्सगुल्म होतं तेव्हा, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी, या वाटेनं जाणारे भिक्खू इथं मुक्काम करत असावेत, असा वडिलांचा अंदाज होता. अंदाज आहे, हे ते दर वेळी सांगायचे. गावानं कधी चौकशी केली नाही. अमावस्येला नारळ फोडायचा आणि बुढ्या देवाला तेल लावायचं, एवढंच.

आसनाच्या कडेला अक्षरांची एक ओळ होती. सोयाबीन निघालं की वडील तिथं अक्षरांचा ठसा घ्यायला ओला कागद घेऊन जात. कागद दगडावर बसवायचा, ब्रशनं हलके ठोकायचा, वाळत आला की वरून शाईचा बोळा फिरवायचा. मी पाण्याची बादली धरून असायचे. डावीकडची पाच अक्षरं त्यांनी उठवली होती: दे य ध र्मो यं. हे धर्मदान आहे. कोणाचं, ते उजवीकडे होतं. त्यावर शेवाळ होतं आणि खरवडायची त्यांची तयारी नव्हती. "दगड घाई करत नाही. आपण कायले करावं?" म्हणायचे. पुढच्या हिवाळ्यात पाहू, असं ठरलं होतं.

महिन्याभरानं काकांनी मला बोलावून नेलं.

उंचवट्याच्या पायथ्याशीच ऑइलपेंटचा वास आला. बुद्धाला सोनेरी रंग दिला होता. ओठ लाल, डोळे पांढरे, त्यात काळी बुबुळं. गालावर रंगात चिकटलेली माशी अजून पाय हलवत होती. खांबांना खालून अर्ध्यापर्यंत गुलाबी टाइल्स, न्हाणीघरात असतात तशा. मी पदर तोंडाला लावला.

"पाह्य, कसा चमकून राह्यला! पह्यले निरा दगड होता," काका म्हणाले.

मागून एक म्हातारी म्हणाली, "नवरदेवच दिसते बाप्पा. आता पोरगी पाहा याले."

सगळे हसले. मी वाकून आसनाची कड पाहिली. गुळगुळीत होती.

"काका, इथली अक्षरं?"

"ते खडबडीत होतं नं. पेंटरनं लांबीचा लेप भरून सपाट केलं. त्याच्यावरच तर बसवली पाटी."

संगमरवराची पाटी. गुरुजींच्या स्मरणार्थ. खाली वडिलांचं पूर्ण नाव. ते वाचून काकांचे डोळे भरून आले. मला त्या मायेचीही किळस आली, आणि तसं वाटल्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी रॉकेल आणि फडकं घेऊन गेले. पाटीच्या कडेला थोडं घासलं. रंग सुटला, त्याबरोबर दगडाचा पापुद्राही आला. फडक्यावर सोनेरी चिखल आणि काळी रेती. हात धुतले, पुन्हा धुतले, जेवताना बोटांना वास होताच. वडील शेवाळसुद्धा खरवडत नसत. तेव्हापासून मी तिथं हात लावलेला नाही. ज्याचं ते दान होतं त्याचं नाव लांबीखाली आहे आणि त्याच्यावर माझ्या बापाचं. करा म्हणणारी मीच.

वडिलांचा कागद माझ्या कपाटात आहे. त्यावर पाच अक्षरं आहेत. उजवी बाजू कोरी आहे.