सातचा फोन आणि आठवं पिल्लू

इकडे गोव्यात, लाटंबार्सेत मी शिंकलो की तिकडे दोडामार्गला लोक छत्र्या उघडतात. खाणीवर तीस वर्षं ट्रक चालवला. त्याच्या घरघरीवर आवाज चढवता चढवता हा गळा तयार झाला. पण मागच्या वर्षी बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि कळलं, ऐकायला कोणी नसेल तर एवढ्या आवाजाचं काही करता येत नाही.

जाताना ती खुडूक कोंबडी आठ अंड्यांवर बसवून गेली. कोंबडी साधी नव्हे. घरामागच्या पोफळींच्या कुळागरापर्यंत आलेला बिबट्या तिचा डोळा बघून माघारी गेलेला आहे. खोटं वाटत असेल तर बिबट्याला विचारा. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली, आणि दुसऱ्या सकाळी कोंबडी सातांना घेऊन टोपलीतून उतरली. आठव्या अंड्याला भोक पडलेलं, आत चोच हलत होती, आणि अंडं गार होत चाललं होतं.

मी टरफल सोडवलं. पिल्लू एवढंसं की काडेपेटीत ठेवायला काड्यासुद्धा काढाव्या लागल्या नसत्या. मान उचलेना. करवंटीत कापूस घालून चुलीच्या कडेला ठेवलं, बोटावरून गुळाचं पाणी चोचीला लावलं. दुपारी ते उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं.

बायकोचा फोन रोज संध्याकाळी सातला. दीड मिनिटाचा, तेवढ्यात नातू रडतो. दिवसभरात माणसाचं बोलणं तेवढंच.

"काळोख पडताना कोंबडीखाली सारा," पिल्लाचं ऐकून ती म्हणाली. "ती दिवसा डोळ्यांनी मोजता, काळोखात पोटान. आजच सारा. मागीर वळखूची नाय."

"सारलं की."

पिल्लू माझ्या खिशात चिवचिवत होतं. मी मोठ्याने खोकलो.

सारणारच होतो. पण मी उठलो की ते मागून धावायचं, न्हाणीच्या दाराशी उभं राहून ओरडायचं. बिबट्याची गोष्ट त्याला चारदा सांगितली. दर खेपेला बिबट्या वाढत गेला, शेवटी पट्टेरी झाला. त्याने शंका घेतली नाही.

चौथ्या दिवशी त्याचे पंख लोंबले. कणी खाईना. करवंटीची ऊब पुरत नव्हती, माझीही नाही. घाबरून भर दुपारी कोंबडीपुढे सोडलं. तिने डोक्यावर चोच हाणली. रक्ताचा थेंब आला.

कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. "भावोजी, त्याच्या अंगाक तुमच्या विडीचो वास येता. कोंबडी त्याका कशी घेऊची? टोपलीतला गवत त्याच्या अंगाक चोळा आणि दिवेलागणीक हातासकट सारा. हात काढू नकात. ती उठली काय संपला."

दिवेलागणीला खुराड्यापाशी मांडी घातली. गवत चोळलं. मुठीत पिल्लू घेऊन हात तिच्या पोटाखाली सरकवला. तिने मनगटावर दोन चोची मारल्या. मी हूं केलं नाही. दोडामार्गला चुकल्यासारखं झालं असेल. मग तिचं गरम पोट हळूहळू हातावर उतरलं.

घरात फोन वाजला. सात.

मुठीत ते थरथरत होतं. फोन पूर्ण वाजला, थांबला, परत वाजला. मी हललो नाही. तो थांबल्यावर पिल्लू बोटांतून सुटलं आणि इतरांत शिरलं. चिवचिव बंद झाली. हाताचं आता काम नव्हतं, तरी मी तो तसाच ठेवला.

मग घरात जाऊन फोन लावला. लेकीने उचलला. "आई बाळाला घेऊन झोपली, बाबा. काही सांगू?"

"सारलं म्हणून सांग," मी म्हणालो.