भानुदासची बारी

फोन आला तेव्हा मी गाडीला किक मारत होतो. सकाळी दवाखान्यात जायचं होतं आणि गाडी चालू होत नव्हती. दोन-तीनदा खोकली, थोडा धूर सोडला आणि गप्प झाली. खिशातला फोन वाजला, भानुदासच्या बायकोचं, मीरावहिनींचं नाव दिसलं, तरी मी आणखी एक किक मारून घेतली... का, ते आजही सांगता येत नाही. मग फोन घेतला. पलीकडे वहिनी नव्हत्याच, त्यांचे भाऊ होते. ‘दाजी गेले. तुम्ही या,’ एवढंच म्हणाले. मी रिक्षानं गेलो, हातात हेल्मेट तसंच धरून. दवाखान्यात सगळे रडत होते आणि मी ते हेल्मेट कुठं ठेवू म्हणून जागा शोधत होतो.

भानुदास आणि मी चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात, एकाच दिवशी लागलो. तो बिडकीनकडचा. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेली, शिकून शहरात आलेला त्यांच्यातला तो पहिला. मी औरंगपुऱ्यातला, आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत. पहिल्या आठवड्यातच आमचं भांडण झालं, कशावरून ते दोघांनाही पुढं कधी आठवलं नाही, आणि त्यानंतर आमचं एकमेकांशिवाय पान हललं नाही. खोल्या एकाच गल्लीच्या दोन टोकांना घेतल्या होत्या आणि शिफ्टही एकच, म्हणून मोटारसायकल दोघांत मिळून घेतली. लोक हसले. वर्षभरात फिसकटेल, असं माझ्या वडिलांनी तोंडावर सांगितलं. गाडी जुनी झाली, आम्ही जुने झालो, मी चारचाकी घेतली, त्यानं बायकोला स्कूटर घेऊन दिली, पण त्या मोटारसायकलची वाटणी कधी झाली नाही. एक आठवडा ती त्याच्या दारात, एक माझ्या.

फिसकटलं ते फक्त एका बाबतीत. गाडीचा स्पार्क प्लग कुठला बसवायचा? माझं म्हणणं, इरिडियम. महाग असतो, पण त्याचं टोक बारीक आणि लवकर न झिजणारं, ठिणगी चांगली पडते आणि साध्याच्या दुप्पट-तिप्पट चालतो. एकदा बसवा आणि विसरून जा. भानुदासला नेमकं हेच खटकायचं. ‘तुला इसरायला पायजे, शिऱ्या. मला बघायला पायजे,’ म्हणायचा. दर रविवारी तो साधा प्लग काढायचा, उजेडात धरून त्याचं टोक निरखायचा आणि मला त्याचा निकाल ऐकवायचा. बिस्किटाच्या रंगाचा असला तर गाडी खूश. काळा पडला तर ती नुसती गल्लीबोळांत फिरलीय, तिला लांब न्यायला पाहिजे. पांढरा पडला तर तापतेय. मग घासकागदानं पुसून, टोकांमधली फट नजरेनं मोजून, तो प्लग आधी हातानंच फिरवत बसवायचा. सुरुवातीलाच पान्हा लावला की मला शिव्या घालायचा. ‘आटे जातील की रं, हातानं लाव आधी, हाताला कळतंय!’ इरिडियमचं टोक असं घासता येत नाही, मोडतं. म्हणजे माझा प्लग गाडीत असला की त्याचा रविवार रिकामा.

शेवटी तोडगा निघाला तो बारीचा. एकदा त्याच्या पसंतीचा, तो संपला की माझ्या पसंतीचा. कुणी मध्येच बदलायचा नाही. औरंगपुऱ्यात स्पेअर पार्टचं एक लहानसं दुकान आहे, तिथले चाचा या कराराचे साक्षीदार. आम्ही दुकानाशी टेकलो की काय हवंय हे न विचारता ते म्हणायचे, ‘आज किसकी बारी?’ माझी बारी संपता संपायची नाही आणि भानुदास तिथंच उभा राहून चाचांकडे माझी तक्रार करायचा. ‘याचा पिलग मरतच नाय चाचा. माझा नंबर येईस्तोवर मीच म्हातारा होतोय बघा.’

तो म्हातारा झालाच नाही.

गेल्या वर्षी त्याची बारी आली. स्वारी खुशीत होती. नवा साधा प्लग खिशात घालून दिवसभर कारखान्यात मिरवला त्यानं. मग पोटदुखी सुरू झाली, मग तपासण्या, आणि मग त्या पांढऱ्या खोलीत डॉक्टरांनी आमच्याकडे न बघता कागदांकडे बघत जे सांगितलं ते. पोटातला कॅन्सर, पसरलेला. मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला शब्द शोधत बसणार नाही. मला भीती वाटली. आजही वाटते. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, दवाखान्याच्या जिन्यात भिंतीला कपाळ टेकून उभा राहायचो आणि आत जाताना तोंड धुऊन जायचो.

घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, एवढंच मी गाडी चालवत होतो. एका रविवारी भानुदास म्हणाला, ‘पिलग काढून आण. बघू दे.’ मी आणला, रुमालात गुंडाळून. शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या आजींनी विचारलं, ‘हे कसलं औषध हाय?’ भानुदास म्हणाला, ‘लई जालीम हाय, मावशी. पण मला लागू पडंना.’ मग त्यानं प्लग खिडकीच्या उजेडात धरला. टोक काळंभोर. ‘गाडी लांब पळव, शिऱ्या. बिडकीनला जाऊन ये. मोकळी होईल ती.’ मी म्हटलं, ‘तू बरा हो, दोघं जाऊ.’ त्यानं प्लग रुमालात परत गुंडाळून माझ्या हातात दिला.

मी बिडकीनला गेलो नाही. त्याला तिथं टाकून लांब जाणं मला जमेना. रोज प्लग काळा व्हायचा, रोज मी तो घासायचो. आणि घासता घासता माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. हा प्लग चालतोय तोवर त्याची बारी चालू आहे, आणि बारी चालू असताना त्याला काही होणार नाही. मी शिकलेला माणूस, कारखान्यात पोरांना यंत्रं शिकवतो. पण अंगणात बसून मी त्या काळ्या टोकाला अक्षरशः विनवण्या करत होतो. घासून घासून टोक झिजलं, गाडी रोज दहा-दहा किकांवर आली, तरी मी बदलला नाही. नवा साधा आणावा म्हटलं तर तो करारात बसत नव्हता. एक प्लग म्हणजे एक बारी.

तो गेला त्याच आठवड्यात मी त्याला म्हटलं, ‘भानुदास, यापुढं सगळ्या बाऱ्या तुझ्या. माझी एकही नको. तू फक्त ऊठ.’ तो हसला. ओठ कोरडे पडले होते, वहिनींनी कापसानं पाणी लावलं. मग म्हणाला, ‘नाय. बारी म्हंजी बारी. आता तुझा लाव.’

‘माझा कशाला? तुला तो आवडत नाही.’

‘व्हय, पण लई दिवस चालतोय तो. तुला सारखं बघायची गरज नाय पडणार.’

इतक्या वर्षांचा वाद मी त्या क्षणी जिंकलो. ज्या माणसानं माझ्या प्लगबद्दल एक चांगला शब्द कधी काढला नव्हता, तो मला म्हणत होता, बसव आणि विसर. मला तेव्हाच कळलं की तो आता उठत नाही, आणि ते त्याला माझ्या आधीपासून ठाऊक आहे. मी ओरडलो त्याच्यावर. भर वॉर्डात. ‘मी लावणार नाही! तुझा चालू आहे अजून!’ सिस्टर धावत आल्या. भानुदासनं डोळे मिटून घेतले आणि माझं मनगट धरून ठेवलं. नंतर त्याच्याशी झालेलं बोलणं म्हणजे औषध, पाणी, कूस बदलणं एवढंच...

तो गेला त्याला महिना होऊन गेला. गाडी माझ्या दारात उभी होती. सीटवर धूळ बसली, ती मी पुसत नव्हतो. परवा वहिनी आल्या, चहा घेतला, जाताना गाडीपाशी थांबल्या. म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्ही दोघं गल्लीत शिरला की मी चहा टाकायची. आता लई शांत वाटतं. चालू करा की तिला.’ एवढं बोलून त्या निघून गेल्या.

मग मी प्लग काढला, रुमालात गुंडाळला आणि औरंगपुऱ्यात गेलो. मी दिसताच चाचा हसले. आज त्यांनी विचारलंच नाही. हिशेब त्यांच्या ध्यानात होता. सरळ इरिडियमची डबी काढून काउंटरवर ठेवली. म्हणाले, ‘लेव, आज तुम्हारी बारी.’

मी ती डबी हातात घेतली. भानुदासनं सांगितलं होतं, तुझा लाव. त्याचा शब्द मी कधी इतका उघड मोडला नव्हता. डबी परत सरकवली. ‘नको चाचा. सादावाला दो.’

‘अरे, पिछली बार भी उन्काच था ना?’

‘हां,’ मी म्हटलं. ‘अभी उसकीच चालू है.’

चाचांनी मान डोलावली, साधा प्लग काढून दिला. मी निघालो तर मागून म्हणाले, ‘उन्को बोलना, बहुत दिन हुए. आके जाव बोले चाचा.’

‘बोलता हूँ,’ मी म्हणालो.

घरी येऊन मी तो प्लग आधी हातानं फिरवत बसवला, मग पान्हा. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. गल्लीच्या टोकाला वहिनींचं दार उघडल्याचा आवाज आला. बिडकीनचा रस्ता मला अजून घेता येत नाही, मी आपला चौकापर्यंत जातो आणि परत येतो. एवढ्याशा चकरांनी प्लग काळा होणार, हे मला माहीत आहे. रविवारी काढून उजेडात धरेन, घासेन. नाहीच चालला तर पुन्हा चाचांकडे जाईन आणि पुन्हा त्याचीच बारी सांगेन.